जमीन दोनदा पाहावी

आमच्या दाजींची अठरा गुंठे जमीन महामार्गाच्या रुंदीकरणात गेली. विहिरीजवळची, उसाची जमीन. मोबदला मिळाला, तो बँकेत पडला आणि त्या दिवसापासून दाजींच्या घरी सल्ला देणाऱ्यांची रीघ लागली. कोणी म्हणे पुण्याला फ्लॅट घ्या, कोणी म्हणे सोने घ्या. माझा भाचा पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहे. त्याच्या मनाने कोकण घेतले होते. “मामा, जमिनीला मरण नाही. आज गुंठ्याला साठ हजार आहे, पाच वर्षांत दीड लाख होईल,” असे तो मला फोनवर सांगत होता.

२०२३ च्या डिसेंबरात बापलेक दापोली तालुक्यात एक जमीन पाहून आले होते. दोन एकर जागा, कडेला विहीर, आंब्याची थोडी कलमे आणि लांबवर दिसणारा समुद्र. विहीर काठोकाठ भरलेली, गवत सोन्यासारखे पिवळे, कलमांना नुकता मोहोर फुटलेला. भाच्याने तिथल्या तिथे एक्कावन्न हजार रुपये विसार देऊनही टाकला. मला हे कळले ते विसार दिल्यावर.

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहे. तीस वर्षे लोकांच्या बांधावर उभा राहून मी माती, पाणी आणि सातबारा पाहत आलो. शिवाय माझे बी. एस्सी.चे शिक्षण दापोलीच्याच कृषी विद्यापीठात झालेले. म्हणून दाजी म्हणाले, “सायेब, एकदा तुमी नजर टाका, मग कागद करू.” मी त्यांना एकच अट घातली. म्हटले, “वैशाखात जाऊ. आणि आक्काला बरोबर घ्या.”

घाटातून खाली

२०२४ च्या मे महिन्यात भल्या पहाटे आम्ही कऱ्हाडहून निघालो. भाचा गाडी चालवत होता. पाटण मागे पडले आणि कोयनानगरला उजाडले. दाजींनी गाडी थांबवायला लावली. समोर कोयनेचे धरण आणि मागे शिवसागर जलाशय. “ह्या पाण्याखाली किती गावं गेली आसतील?” आक्का म्हणाली. जमीन जाणे म्हणजे काय हे तिला आता ठाऊक झाले होते.

या धरणाचा एक विशेष वाचकांना सांगण्यासारखा आहे. कोयना नदी पूर्वेला वाहणारी, कृष्णेला मिळणारी. परंतु वीजनिर्मितीसाठी तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडले जाते आणि घाटाखाली पोफळीजवळ ते वाशिष्ठी नदीला मिळते. म्हणून ऐन मे महिन्यातही वाशिष्ठीला पाणी असते. मात्र तिच्या दोन्ही अंगांना डोंगरावर ज्या वाड्या आहेत, तिथे त्याच दिवसांत टँकरची वाट पाहावी लागते. कोकणात पाणी आहे की नाही, हा प्रश्नच अपुरा आहे. नदीकाठी आहे म्हणजे सड्यावर असेलच असे नाही. प्रश्न त्या एका सर्व्हे नंबरापुरताच विचारला पाहिजे.

प्रकल्पाच्या गावी आणखी एक गोष्ट आठवावी. धरणामुळे उठलेल्या लोकांना सरकारने ज्या जमिनी दिल्या, त्या बहुधा भोगवटादार वर्ग २ च्या असतात. म्हणजे त्या विकायच्या तर आधी सरकारची परवानगी लागते. काही इनामी जमिनी आणि कुळकायद्याने मिळालेल्या जमिनी यांनाही अशाच अटी असतात. सातबाराच्या डोक्यावर ‘वर्ग २’ ही दोन अक्षरे असतात. आपण क्षेत्र वाचतो, भाव काढतो आणि ती दोन अक्षरे तेवढी वाचायची राहतात.

कुंभार्ली घाट उतरलो. घाटात ताम्हण फुलले होते. करवंदे घेऊन पोरे रस्त्याला बसली होती. आक्काने दोन द्रोण घेतले आणि विकणाऱ्या पोरीला विचारले, “बाळे, तुमच्याकडं पाणी कुठनं आणतीस गं?” पोरीने खाली दरीकडे बोट दाखवले. तो प्रश्न आक्काने त्या दिवशी पाच ठिकाणी विचारला असेल.

चिपळुणातली रेघ

चिपळुणात चहाला थांबलो. हॉटेलाच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या बरेच वर एक रेघ मारली होती. दाजींनी विचारले तेव्हा मालक म्हणाले, “२२ जुलै २०२१. पाणी तिथवर होतं. आम्ही माळ्यावर होतो.”

आम्ही कृष्णा-कोयनेच्या काठचे लोक. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आम्ही डोळ्यांनी पाहिले. आमच्या गावात कोणते शेत कितव्या दिवशी पाण्याखाली जाते हे शेंबडे पोर सांगेल. परंतु परक्या मुलखात जमीन घ्यायला गेलो की आम्हीच ते विचारायला विसरतो.

नद्यांच्या काठी पाटबंधारे खाते दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या भागात ते निर्बंधांसह करता येते. या रेषा जमिनीवर दिसत नाहीत, नकाशावर असतात. नगरपरिषदेत किंवा पाटबंधारे खात्याच्या कचेरीत विचारले म्हणजे कळतात. एजंटाच्या रंगीत पत्रकात नदी नेहमी निळीशार आणि शांत काढलेली असते. लाल रेषा त्यात कोणी काढत नाही.

दापोलीची ओळख

परशुराम घाट, लोटे, खेड असे करीत दहाच्या सुमारास दापोलीला पोहोचलो. १९८७ साली मी एस. टी.तून पत्र्याची ट्रंक घेऊन इथे उतरलो होतो. इंग्रजांच्या लष्कराचा जुना तळ, म्हणून म्हातारी माणसे अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना इथे १९७२ साली झाली. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते. आंब्याची रत्ना ही जात याच विद्यापीठाची, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली.

माझा एक वर्गबंधू निवृत्त होऊन दापोलीतच राहिला आहे. तो आमच्याबरोबर आला. वाटेत त्याने भाच्याला एक प्रश्न घातला. “इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तुमच्या कऱ्हाडाकडे त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. मग मे महिन्यात टँकर इथे का लागतो?”

भाच्याला उत्तर आले नाही. उत्तर जमिनीत आहे. वरती जांभा दगड. तो मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र, पाणी पितो आणि लगेच सोडून देतो. जमीन उताराची. आषाढ-श्रावणात पडलेले पाणी पऱ्ह्यांतून, ओढ्यांतून थोड्याच वेळात खाडीला मिळते. डिसेंबरात जी विहीर काठोकाठ दिसते ती पावसाने मागे ठेवलेली शिल्लक असते. शिल्लक किती दिवस पुरते हे डिसेंबरात कळत नाही.

विहीर आणि सडा

जमिनीवर पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. गावाचे नाव मी लिहीत नाही. गावाचा त्यात काही दोष नाही.

समुद्र होता तसाच होता. गवत जळून गेले होते आणि गवताखाली काय होते ते आता उघडे पडले होते. दोन एकरांतले निम्म्याहून जास्त क्षेत्र काळा कातळ. दाजींनी काठीने ठोकून पाहिले, टणटण आवाज आला. मी सातबारा काढला. पोटखराब्याच्या रकान्यात एक एकर चार गुंठे लिहिलेले होते. पोटखराबा म्हणजे लागवडीला अयोग्य क्षेत्र. साठ हजारांचा भाव मात्र सगळ्या गुंठ्यांना सारखाच लावलेला होता. उरलेल्या जागेत आम्ही तीन ठिकाणी खणून पाहिले. एका ठिकाणी दोन फूट माती लागली, दुसरीकडे एक वीत, तिसरीकडे कुदळ उसळली.

विहिरीत डोकावलो. तळाला तांब्याभर पाण्यासारखे काही चमकत होते. तेवढ्यात खालच्या वाडीतली एक बाई रिकामा हंडा घेऊन आली. आक्काने विचारले, “ही विहीर कवा आटती वो?”

“शिमगा झाला की बाव तळाला जाते बाय. मग टँकर येतो तेव्हा खरं.” असे म्हणून ती हसली. “तुम्ही घेताय काय ही जागा? मागल्या वर्षी पण एक आले होते गाडीतून.”

भाचा म्हणाला, “बोअर मारू.” माझा वर्गबंधू म्हणाला, “मारा. आधी शेजारच्या चार जणांना विचारा, किती मारले आणि किती लागले.” आम्ही वाडीत चौकशी केली. वाडीत तीन बोअर मारलेले होते. एकाला पाणी होते, तेही मार्चपर्यंत.

वाचक हो, आपल्या गावात आपण जमीन घेतो तेव्हा यातले काहीच विचारावे लागत नाही. त्या जमिनीचा बाप-आजा आपल्याला माहीत असतो. परगावी ते ज्ञान विकत मिळत नाही, आणि एजंटाकडे तर नसतेच. ते हंडा घेऊन येणाऱ्या बाईकडे, गुराख्याकडे आणि शेजारच्या बांधावरच्या म्हाताऱ्याकडे असते. त्यांच्याशी बोलायला अर्धा दिवस काढावा. त्याला पैसे पडत नाहीत.

सातबारावरची माणसे

सावलीला बसून भाकरी खाल्ली आणि मी सातबारा वाचून दाखवू लागलो. कब्जेदारांच्या रकान्यात एकतीस नावे होती. कोकणात हे नवल नाही. खातेदार मुंबईला गेले, वारस वाढले, वाटप कधी झाले नाही. नावे मात्र सामाईक राहिली. त्यातला एकजण आपला हिस्सा विकायला काढतो आणि ‘हा तुकडा आमच्या वाटणीचा’ म्हणून दाखवतो. तोंडी वाटणी घरच्यांना पुरते, घेणाऱ्याला पुरत नाही. नोंदलेले वाटपपत्र आहे का, सरकारी मोजणी होऊन ‘क’ प्रत मिळाली आहे का, आणि उरलेल्या तीस जणांच्या सह्या कोण आणणार, हे आधी विचारावे. हे लोक मुंबईत विखुरलेले असतात. म्हणून हरकतीची जाहीर नोटीस द्यायची ती रत्नागिरीच्या पत्राबरोबर मुंबईत वाचल्या जाणाऱ्या पत्रातही द्यावी.

मी नावे वाचत होतो आणि आक्का ऐकत होती. मध्येच ती म्हणाली, “ह्यात बाईमाणसाचं नाव एकबी न्हाई. ह्या लोकांना भणी न्हवत्या का?”

मी जुना फेरफार काढला. १९७८ सालची वारसनोंद. फक्त मुलगे लावलेले. मुलींचा उल्लेखच नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी बापाची वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. सातबारावर नाव नाही म्हणजे हक्क नाही, असे होत नाही. त्या १९७८ च्या बहिणी किंवा त्यांची मुले उद्या दावा करू शकतात. माझी तीस वर्षांची नजर एकतीस नावांवर थांबली होती. न लिहिलेल्या नावांचा प्रश्न आक्काला सुचला.

तो तिला का सुचला हेही लिहिले पाहिजे. आमचे वडील २००३ साली वारले. त्यानंतर मी तिला तालुक्याला नेले आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला. कागदात काय लिहिले आहे ते मी तिला वाचून दाखवले नाही, तिनेही विचारले नाही. त्या दिवशी मी तिला साडी घेऊन दिली होती. आमच्या सातबारावर आज माझे एकट्याचे नाव आहे. कागद कायद्याने पक्का आहे. त्या कातळावर बसून मी पुढचे नाव वाचू शकलो नाही. सातबारा भाच्याच्या हातात दिला.

वाट कुठून?

परत निघताना दाजींनी विचारले, “गाडी आपण लावली हुती तिथनं हितवर कुणाचं रान?” वाट दुसऱ्याच्या दोन हिश्श्यांतून आणि एका कोरड्या पऱ्ह्यातून येत होती. एजंटाच्या नकाशात तिथे वीस फुटी रस्ता दाखवला होता. सर्व्हेच्या नकाशात साधी पाऊलवाटही नव्हती.

या बाबतीत मी स्वतःच ठेच खाल्लेला आहे. १९९९ साली मी एका तालुक्याच्या गावाबाहेर दोन गुंठ्यांचा तुकडा घेतला. नोकरीतली पहिली बचत. विकणाऱ्याने रस्ता तोंडी दाखवला, खरेदीखतात तो लिहिला नाही. पुढे पुढच्या मालकाने तारेचे कुंपण घातले. पंचवीस वर्षे झाली, माझ्या जागेवर जायचे तर मला त्याची परवानगी मागावी लागते. त्या तुकड्याचा भाव वाढला असे सगळे म्हणतात. घ्यायला मात्र कोणी येत नाही.

शेतात जायला वाट नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात. असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने दाद मागता येते. पण ही बैल, नांगर, माल नेण्याची वाट झाली. घर किंवा धंदा उभारायला लागणारा रस्ता वेगळा. म्हणून रस्त्याचा हक्क खरेदीखतात चतुःसीमेसह लिहून घ्यावा, ज्यांच्या रानातून तो जातो त्यांची सही घ्यावी आणि सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्याची नोंद करावी. हे जमत नसेल तर जमीन कितीही देखणी असो, ती भिंतीवरच्या चित्रासारखी आहे.

आषाढातला फेरा

भाचा अजून हटला नव्हता. त्याचा विसार अडकला होता. मी म्हटले, “आणखी एकदा पाहू.” जुलैत दाजी आणि मी एस. टी.ने गेलो. कुंभार्ली घाटात हातभर पुढचे दिसत नव्हते. परशुराम घाटात कापलेल्या डोंगरावरून लाल पाणी रस्त्यावर येत होते.

जमिनीपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. मे महिन्यात ज्या पऱ्ह्यात आम्ही चपला घालून चाललो होतो, तो आता म्हशीसारखा फुरफुरत होता. पलीकडे आमचे दोन एकर, अलीकडे आम्ही. एक म्हातारा घोंगडी पांघरून उभा होता. तो म्हणाला, “चार दिवस उघडीप पडली तर जाल पलीकडं. न्हायतर गणपतीलाच.”

सड्याच्या वरच्या अंगाला कोणी तरी जेसीबीने डोंगर कापून सपाटी केली होती. कापलेली कड ओली होऊन ढासळत होती. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. डोंगर का खचतो याची कारणे अनेक असतात. परंतु आपल्या जागेच्या वर कोण काय खणत आहे हे पाहणे घेणाऱ्याच्या हातात आहे. ते पावसातच नीट दिसते.

‘बाग आम्ही सांभाळू’

एजंटाने अखेरचे हत्यार काढले. “तुम्ही येऊ नका साहेब. आम्ही हापूस लावून देऊ, सांभाळू, चौथ्या वर्षापासून उत्पन्न तुमच्या खात्यात.” जमिनीचे दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे पाडून तो ही योजना पुण्या-मुंबईच्या लोकांना विकत होता.

आता हे माझ्या विषयातले. दहा मीटर अंतराने लावल्यास एकरी चाळीस कलमे बसतात. कातळात सुरुंग लावून खड्डे करावे लागतात आणि माती बाहेरून आणावी लागते. कलम पाच-सहा वर्षांनी फळू लागते, भरवशाचे उत्पन्न दहा वर्षांपुढे. हापूस एक वर्षाआड फळतो. तुडतुडे, भुरी, करपा यांच्यासाठी फवारण्या, वर वानरे, अवकाळी पाऊस, आणि पहिली काही वर्षे उन्हाळ्यात कलमांना पाणी. ते पाणी कुठले हे आपण वर पाहिलेच. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या अशाच योजना निघाल्या होत्या. झाडे कंपनी वाढवणार आणि पैसे तुमचे होणार. किती घरांची बचत त्यात गेली हे पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल.

तुकड्यांविषयीही सावध असावे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली प्रमाणभूत क्षेत्र ठरलेले असते. २०२३ साली राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवले गेले. त्यानंतरही नियमांत बदल झाले आहेत. म्हणून घ्यायच्या दिवशी, त्या गावाला काय लागू आहे ते तहसील कचेरीतच विचारावे. भूखंड पाडून विकणाऱ्याकडे, प्रकल्प ठरावीक मर्यादेपुढचा असेल तर महारेराची नोंदणी लागते. त्याने नोंदणी क्रमांक दिला नाही तर तिथूनच परत फिरावे. किनाऱ्यालगत सागरी नियमन क्षेत्राची बंधने असतात, तीही पाहावीत.

शेवटी काय झाले

विसाराची पावती साध्या कागदावर होती. कागदपत्रात दोष निघाल्यास पैसे परत मिळतील असे तिच्यात एक अक्षरही नव्हते. भाच्याने चार महिने फोन केले. पंचवीस हजार परत आले, सव्वीस हजार गेले. तो आता म्हणतो, “मामा, ती फी समजा.” जमिनीला मरण नाही हे त्याचे म्हणणे खरेच आहे. पण जमिनीत घातलेल्या पैशाला मरण असते.

दाजींनी दिवाळीनंतर गावातच, आपल्या बांधाला लागून, भावकीतल्या एकाचे बारा गुंठे घेतले. विहीर त्यांच्या माहितीची, वाट त्यांचीच, पुराचे पाणी कुठवर येते तेही पाठ. भाव दुप्पट होणार नाही. उरलेले पैसे पोस्टात ठेवले. बाहेर जमीन घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. कोकणात चांगल्या जमिनी आहेत, कष्ट करून त्या फुलवणारी माणसेही मी पाहिली आहेत. ती माणसे तिथे राहतात, एवढाच फरक.

खरेदीखत दाजी आणि आक्का या दोघांच्या नावाने झाले. ही सूचना दाजींची होती, माझी नव्हे. सह्या करायच्या वेळी आक्का नोंदणी कचेरीत लेखनिकाला म्हणाली, “आधी वाचून दाखवा.” लेखनिकाने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “सगळे वाचा, सावकाश.” तो वाचत असताना माझ्या मनात दुसराच कागद होता. त्या कागदाबद्दल मी आक्काशी अजून बोललो नाही. बोलणार आहे.

वाचकांनी हे प्रश्न कात्रण करून सातबाराच्या पिशवीत ठेवावेत:

१. ही जमीन मी वैशाखात आणि आषाढात, दोन्ही वेळा पाहिली का?

२. मे महिन्यात शेजारच्या बायका पाणी कुठून आणतात?

३. पूर कुठवर येतो? वरच्या डोंगराला कोणी हात लावला आहे का?

४. एकूण क्षेत्रात पोटखराबा किती? माती खणून पाहिली का?

५. सातबारावर वर्ग १ आहे की २? ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ, बोजा, वन असे काही आहे का?

६. सातबारावर कोणाची नावे आहेत, आणि कोणाची असायला हवी होती?

७. वाट कोणाच्या रानातून येते, आणि ती कागदावर आहे का?

८. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असल्याचा दाखला जवळ आहे का? तो नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय खरेदी होत नाही.

९. तीस वर्षांचा शोध वकिलाने घेतला का? विसारपावतीत पैसे परत मिळण्याची अट आहे का?

१०. मला ही जमीन परत विकायची वेळ आली, तर माझ्यासारखाच हे नऊ प्रश्न विचारणारा माणूस ती घेईल का?

भाव किती, हा अकरावा प्रश्न. पहिल्या दहांची उत्तरे मिळाल्यावर तो विचारावा.